ज्याचा आजार, त्याचं मत

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी निवृत्तीनंतर आपल्या घराची पुढची खोली महिन्यातून एकदा काही कुटुंबांना बसायला दिली होती. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, कुणाचा नवरा मानसिक आजारातून जात होता. त्या काळी अशा बैठकीला येणारी माणसं चपला आत काढून ठेवत, शेजाऱ्यांना संख्या कळू नये म्हणून. आज पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी आधारगट उघडपणे भरतात, शुभार्थी म्हणजे आजारातून जाणारे आणि शुभंकर म्हणजे त्यांची काळजी घेणारे एकाच सतरंजीवर बसून बोलतात. हे सहज घडलेलं नाही. मी मनोरुग्णालयाच्या वॉर्डांत आणि नंतर अशा गटांत समाजसेविका म्हणून काम केलं. त्या कामातून जे समजलं, तेच आज मांडणार आहे.

विषय आहे मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या. हे दोन शब्द जोडीनं येतात, आणि जोडीनं आले की त्यांचा लगेच सौदा होतो. औषध वेळेवर घे, मग घरी फोन करू देतो. वॉर्डात शांत राहा, मग डिस्चार्जचं बघू. आधी जबाबदारीनं वाग, मग हक्क. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. ज्याच्या मताला किंमत नाही, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मताला किंमत मिळाली की जबाबदारी मागोमाग येते, आणि ती मुळीच हलकी नसते. तिचं वजन काय असतं, हे सांगण्यात माझा आजचा बराच वेळ जाणार आहे.

हक्कांची भाषा आपल्याकडे फार उशिरा आली. १९१२ चा इंग्रजांचा कायदा वेडसर माणसांपासून समाजाला सुरक्षित कसं ठेवायचं, या चिंतेतून झाला होता. तो स्वतंत्र भारतात चार दशकांहून अधिक काळ चालला. १९८७ चा कायदा झाला, तो प्रत्यक्षात लागू व्हायला १९९३ उजाडलं, आणि त्याचंही बरंचसं लक्ष दाखल कसं करायचं, परवाना कुणाला द्यायचा यावरच होतं.

मग ६ ऑगस्ट २००१ आला. तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. तिथे दुवा मिळाली की मन थाऱ्यावर येतं, अशा श्रद्धेनं दूरदूरची कुटुंबं आपल्या आजारी माणसांना आणून ठेवत. आसपास खासगी निवारे उभे राहिले होते. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली. छत झावळ्यांचं. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली. २८ जण गेले. आग लागलेली त्यांना दिसत होती, धावावं हे त्यांना कळत होतं. त्या पहाटे त्या माणसांची बुद्धी शाबूत होती, फक्त पाय बांधलेले होते. सर्वोच्च न्यायालयानं या घटनेची स्वतःहून दखल घेतली. आणि तरी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूँ जिल्ह्यातल्या एका श्रद्धास्थानी माणसं साखळ्यांत असल्याचं प्रकरण पुन्हा त्याच न्यायालयासमोर आलं. तोवर नवा कायदा झाला होता, आणि कुठल्याही प्रकारे, कुठल्याही स्वरूपात साखळदंड घालता येणार नाहीत असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तो कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. भारतानं २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली, तेव्हापासून जुना कायदा बदलणं भागच होतं. तत्कालीन केंद्रीय आरोग्य सचिव केशव देसिराजू यांनी या कामाला मोठा रेटा दिला, आणि मसुद्याच्या घडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या अभ्यासकांचा महत्त्वाचा वाटा होता, हे आपण मराठी माणसांनी माहीत करून घ्यावं. त्याच पुण्यातून या कायद्यावर कडक टीकाही झाली. बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांचं म्हणणं होतं की माणसाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट या कायद्यानंही उघडीच ठेवली आहे. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा आक्षेप मला आजही बाजूला सारता येत नाही.

या कायद्याचं विसावं कलम मी अनेकदा मोठ्यानं वाचून दाखवते. त्यात लिहिलं आहे की रुग्णाचं डोकं सक्तीनं भादरता येणार नाही. त्याला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येणार नाही. स्त्रियांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत. खासगीपणा हवा, स्वच्छ संडास हवा, पुरेसं जेवण हवं. काम करून घ्यायचं असेल तर त्याचा मोबदला द्यायला हवा आणि सक्ती करता येणार नाही. संसदेला केसांबद्दल कायदा का करावा लागला? कारण ते घडत होतं. उवा होतात, वेळ पुरत नाही, माणसं कमी आहेत, अशी कारणं सांगून बायकांचे केस उतरवले जात होते. ज्या समाजात केशवपन हा शब्द उच्चारला की आगरकरांपासूनचा सगळा इतिहास उभा राहतो, त्या समाजात वॉर्डातल्या बाईचे केस उतरवताना कुणाला तो इतिहास आठवू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तीन वर्षांखालचं मूल आईजवळ असेल तर ती उपचार घेत आहे म्हणून ते सहसा तिच्यापासून तोडता येत नाही. स्वतःच्या आजाराची, उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं, स्वतःची कागदपत्रं पाहता येणं, फोन करता येणं, भेटायला आलेल्याला भेटणं किंवा न भेटणं, तक्रार करणं, मोफत कायदेशीर मदत मिळणं, हे सगळं या कायद्यात आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांनाही संरक्षण द्यावं असं आहे. पॉलिसी घेतली असेल तर ती पुन्हा एकदा वाचा आणि नकार आला तर लेखी मागा. गुप्ततेचं कलम आहे, आणि मी त्याला फार महत्त्व देते, कारण घटस्फोटाच्या भांडणात जुन्या चिठ्ठ्या शस्त्रासारख्या काढल्या जाताना मी पाहिल्या आहेत. कधी काळी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येत नाही. निदान झालं म्हणून माणूस कायद्याच्या अर्थानं विकल मनाचा ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. भावानं आजारी बहिणीला तहसील कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, आणि तिनं नकार दिला की "तिला कुठे कळतं" म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका घरात एकाच दिवशी घडतात. सही घेताना तिला कळत असतं, नाही म्हणताना कळत नसतं.

हे "तिला कुठे कळतं" हाच आपल्या विषयाचा गाभा आहे. कायद्याच्या चौथ्या कलमानं त्याला उत्तर दिलं आहे. दिलेली माहिती समजते का, या निर्णयाचे काय परिणाम होतील याचा अंदाज येतो का, आणि आपलं म्हणणं बोलून, खुणेनं किंवा कसंही सांगता येतं का, एवढंच पाहायचं. आणि पुढे असं म्हटलं आहे की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तर तेवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं मानायचं नाही. या एका वाक्यासाठी मी या कायद्याची ऋणी आहे. आपण सगळेच चुकीचे निर्णय घेतो. मधुमेह असलेले आजोबा लग्नात जिलेबी खातात, तेव्हा त्यांचा मतदानाचा हक्क कुणी काढून घेत नाही.

आता घरात येऊ, कारण आपल्याकडे बहुतेकांचे उपचार घरातच होतात. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. देशात दर लाख लोकांमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं दाखवलं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूरच असतात. म्हणजे भार आई-वडिलांवर, बायकोवर, बहिणीवर. त्यांच्या थकव्याबद्दल मला फार आदर आहे, आणि म्हणूनच एक अवघड गोष्ट त्यांच्यासमोरच बोलते.

वरणात गोळी मिसळण्याची गोष्ट.

आधारगटात हा विषय निघाला की आधी शांतता पसरते, मग एकेक हात वर होतो. कुणी चहात थेंब टाकतं, कुणी कणकेत पूड मळतं, कुणी मुलाच्या आवडीच्या शिकरणीत. डॉक्टरांनीच सुचवलं असं काही सांगतात. मुलगा म्हणतो मला काही झालेलं नाही, गोळी तोंडात धरून थुंकतो, रात्र रात्र जागतो, शेजाऱ्यांशी भांडतो. आईला दुसरा मार्ग दिसत नाही. त्या आईला मी कधीही दोषी म्हटलेलं नाही आणि आजही म्हणणार नाही. पण त्या ताटात काय घडतं ते पाहू या. ज्या मुलाला भ्रम आहे की जेवणात काहीतरी कालवलं जातं, त्याच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी कालवतो. त्याला एक दिवस तळाशी राहिलेली पांढरी पूड दिसते. त्या दिवशी त्याचा भ्रम खरा ठरतो आणि आईवरचा विश्वास जातो. पुढे तो घरचं जेवणच सोडतो. डॉक्टरांचं सगळं गणित चुकतं, कारण कधी तो अर्धीच वाटी खातो, कधी धाकटी बहीण तीच वाटी उचलते. दुष्परिणामांची माहिती त्याला नाही, त्यामुळे हात कापायला लागले, जीभ जड झाली की तो आणखी घाबरतो. आणि बरं वाटू लागलं, तर ते औषधामुळे हे त्याला कळतच नाही. मग तो बरा झाल्यावर म्हणतो, बघा, गोळीशिवाय बरा झालो.

कायद्याला हवी असलेली संमती जबरदस्ती, फसवणूक आणि धमकी यांशिवाय दिलेली असायला हवी. वाटीतली गोळी या व्याख्येत बसत नाही. पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. ज्याला आपण औषध घेतो आहोत हेच माहीत नाही, तो औषधाची जबाबदारी कशी घेणार? आपण त्याच्याकडून ती काढून घेतली आणि मग वर्षानुवर्षं म्हणत राहिलो की हा बेजबाबदार आहे. आजवर मिसळत आला असाल, तर ते एकदम थांबवू नका, एकटीनं सांगूही नका. डॉक्टरांना सांगा, त्यांच्यासमोर, योग्य वेळ पाहून मुलाला खरं सांगण्याचा दिवस ठरवा. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन हा काहींना सोयीचा मार्ग असतो, तो त्याच्याशी बोलून ठरवता येतो. खरं कळल्यावर तो चिडेल. ते चिडणं ऐकून घ्यावं लागेल.

कुटुंबं मला म्हणतात, "ताई, या कायद्यानं आमचे हात बांधले." म्हणून हेही सांगते. तातडीच्या वेळी, जीवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, आणि जवळच्या केंद्रात नेणंही त्यात येतं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसल्यानं धोक्यात असेल, तर दोन आरोग्य व्यावसायिकांनी, त्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञानं, स्वतंत्रपणे तपासून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रुग्णाच्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी त्यासाठी अर्ज करतो. दर सात दिवसांनी रुग्णाला आता स्वतः निर्णय घेता येतो का, हे पाहायचं असतं. आणि त्याला या कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, त्या मंडळाबद्दल शेवटी सांगते. हात बांधलेले नाहीत, मात्र प्रत्येक पावलाचा हिशेब लिहून ठेवावा लागतो.

आता जबाबदाऱ्यांकडे येते. या कायद्यात रुग्णाच्या कर्तव्यांचं वेगळं प्रकरण नाही. पण एका ठिकाणी कर्तव्य हा शब्द सेवा घेणाऱ्याच्या बाबतीत येतो, आणि ती जागा मला विलक्षण महत्त्वाची वाटते. ती आहे पूर्वनिर्देशाची.

पूर्वनिर्देश म्हणजे असं. मी आज बरी आहे, मला समजतं आहे. उद्या आजारानं मला निर्णय घेता आला नाही, तर माझ्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे मी आजच लिहून ठेवते. माझ्या वतीनं कोण बोलेल, तेही लिहिते. कोणतीही प्रौढ व्यक्ती ते लिहू शकते, आधी आजार झालेला असो वा नसो. साक्षीदारांच्या सह्या लागतात, मंडळाकडे नोंदवता येतं, आणि निर्णय घेता येत असेल तोवर हवं तेव्हा बदलता किंवा रद्द करता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना ते पाळणं योग्य वाटत नसेल, तर त्यांनी मंडळाकडे जावं, परस्पर बाजूला ठेवू नये. आणि लिहिणाऱ्यावर व त्याच्या प्रतिनिधीवर हे कर्तव्य आहे की गरज पडेल तेव्हा हा कागद डॉक्टरांच्या हाती पोहोचेल याची व्यवस्था करावी. कपाटात कुलुपाखाली ठेवलेला पूर्वनिर्देश कुणाच्या कामाचा नाही. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदावर आलेली मला इथे दिसते.

असे कागद फार थोड्यांनी लिहिले आहेत. काय लिहायचं हेच सुचत नाही, असं लोक सांगतात. म्हणून काही गोष्टी सुचवते. कोणत्या औषधानं तुम्हाला त्रास झाला ते लिहा, नाव आणि मात्रेसकट. एखाद्या औषधानं वजन वीस किलो वाढलं आणि मग तुम्ही आरशात पाहणं सोडलं, तर ते लिहिण्यासारखंच कारण आहे. ईसीटी, ज्याला सगळे शॉक म्हणतात, ती नको असेल तर नको म्हणा. पण पूर्वनिर्देशात होकारही लिहिता येतो, हे लोक विसरतात. तीव्र नैराश्यात माणूस खाणंपिणं सोडतो, मरणाचेच विचार करतो, तेव्हा भूल देऊन केलेली ईसीटी पुष्कळांना लवकर बाहेर काढते. भुलीशिवाय ती देणं या कायद्यानं बंदच केलं आहे. ज्यांना तिनं गुण आला, त्यांनी लिहावं: मागच्या खेपेला मला हिनं बरं वाटलं, पुन्हा अशी वेळ आली तर दिवस घालवू नका. मुलं कुणाकडे राहतील हे लिहा. कोण भेटायला आलेलं चालेल आणि कोण नको, हे लिहा. नवऱ्याला न कळवता आधी बहिणीला कळवायचं असेल तर तेही लिहा, आणि प्रतिनिधी म्हणून तिचं नाव घाला. प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं नाही. मात्र त्याला विचारून नाव घाला, आणि त्याला खरं खरं सांगून ठेवा. न सांगता घातलेलं नाव त्याच्यावर अन्याय करतं.

ज्यांना उन्मादाचे झटके येतात, त्यांच्याशी मी याबाबतीत जरा परखडपणे बोलते. आजारात उडवलेल्या पैशांबद्दल, बोललेल्या शब्दांबद्दल तुम्हाला दोष लावणं अन्याय आहे. पण झटका ओसरल्यावर आपण पुष्कळदा त्याचा विषयच काढत नाही. लाज वाटते, घरातलेही टाळतात. मला वाटतं, जबाबदारी नेमकी या मधल्या, शांत महिन्यांत असते. झोप तीन तासांवर आली, बोलण्याचा वेग वाढला, रात्री दोनला नव्या धंद्याची स्वप्नं पडू लागली, ही पहिली लक्षणं तुमची तुम्हालाच सगळ्यात चांगली माहीत असतात. ती बायकोला लिहून द्या. बँकेचं कार्ड अशा वेळी कुणाकडे द्यायचं ते ठरवा. ती "आज डॉक्टरांकडे जाऊ या" म्हणाली की वाद घालायचा नाही, हे आज, बरे असताना, तिला वचन द्या. तिच्यावर नियंत्रणाचा अधिकार लादलेला नाही, तुम्ही तो तिच्या हाती सोपवलेला आहे. दोन्हींत फार अंतर आहे, आणि घरातल्या बाईला ते अंतर रोज जाणवतं.

औषधांच्या बाबतीत जबाबदारी म्हणजे मुकाट्यानं गिळणं नव्हे. बंद करायचं असेल तर आधी सांगणं, ही जबाबदारी. लिथियम हे द्विध्रुवी आजारातलं जुनं, फार उपयोगी औषध आहे, पण त्याची रक्तातली पातळी मोजत राहावी लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की ती पातळी चढते. विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी एकादशी, रमझानचे रोजे, या सगळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलायला हवं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते. तुम्ही लिथियम घेता हे दुसऱ्या डॉक्टरला सांगितलं नाही, तर तो चुकेल, आणि तुम्ही लाजेनं लपवलेली गोष्ट तुमच्याच जीवावर बेतेल. पण ही जबाबदारी पेलायची, तर आधी कुणीतरी हे सगळं नीट सांगितलेलं हवं. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात येते. बाळंतपणाच्या वयाच्या किती मुलींना व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू करताना सांगितलं जातं की गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो? ते सांगणं हा तिचा हक्क आहे. लग्न ठरतंय, मूल हवंय, हे डॉक्टरांच्या कानावर घालणं ही तिची जबाबदारी आहे. पहिलं झालं नाही तर दुसरं कसं व्हावं?

वॉर्डातल्या जबाबदाऱ्यांबद्दल थोडक्यात. सिस्टर आणि मावशी यांना शिवीगाळ, मारहाण सहन करावी लागते, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारे थोडे असतात. ज्याला भान आहे त्यानं त्यांच्याशी माणुसकीनं वागणं हे त्याचं कर्तव्य आहेच. गटात दुसऱ्यानं सांगितलेलं बाहेर न नेणं, हेही. आणि दारू किती घेतली, मरण्याचे विचार येतात का, याला खरं उत्तर देणं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं, त्याच्यावर खटला नको, असं हा कायदा म्हणतो. मध्यरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तोही तुमचाच हक्क आहे.

आता ज्यांना कुठलीही जबाबदारी उचलण्याची संधीच मिळालेली नाही, त्यांच्याकडे वळते. बरे झालेले, पण न्यायला कुणी न आलेले. देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ च्या एका राष्ट्रीय पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी वर्षाहून जास्त काळ तिथेच असल्याचं आढळलं, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. हा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला. पत्ता चुकीचा दिलेला असतो, फोन बंद असतो, घर विकलेलं असतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो आजारी माणसांवर उपचार करून त्यांना दूर दूरच्या राज्यांतल्या घरी पोहोचवलं, २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. त्या कामानं हे दाखवलं की घर सापडतं, शोधणारा असला तर. पण शोधणं हे एखाद्या सेवाभावी डॉक्टरवर सोडण्याची गोष्ट नाही. एकोणिसावं कलम सांगतं की समाजात राहणं हा हक्क आहे, आणि कुटुंबानं घ्यायला नकार दिला किंवा निवाराच नाही म्हणून कुणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. अर्धमार्ग गृहं, सुरक्षित निवास सरकारनं उभे करायचे आहेत. घरात राहण्याचा हक्क बजावायला सरकारनं कायदेशीर मदत द्यायची आहे. ही कर्तव्यं सरकारची आहेत, आणि रुग्णांना शिस्त शिकवण्याआधी आपण त्यांचा जाब विचारायला हवा. जिल्ह्यात सरकारची किमान सेवाच नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं उचलायचा आहे. तसा अर्ज करून पाहा.

शेवटी पुनरावलोकन मंडळाबद्दल. सक्तीनं दाखल केलेल्या माणसाचं गाऱ्हाणं, प्रतिनिधी बदलण्याची मागणी, पूर्वनिर्देशावरचा वाद, उपचारांतली हयगय, हे सगळं या मंडळापुढे येतं. अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती असते, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक डॉक्टर. उरलेल्या दोन जागा कायद्यानं मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. या जागा बहुधा संस्थांच्या लोकांकडे जाव्यात असं वातावरण असतं. मी स्वतः संस्थेची माणूस, आणि मला ते पटत नाही. जो माणूस एकदा तरी बंद दाराच्या आतल्या बाजूला राहिला आहे, त्याला अर्ज वाचताना जे दिसेल ते मला दिसणार नाही. "रुग्ण सहकार्य करत नाही" असं फाइलमध्ये लिहिलेलं असलं, की तो विचारेल, त्याला काय विचारलं होतं? कुणी विचारलं? तेव्हा त्याला चष्मा दिला होता का? त्याच वेळी त्याला हेही दिसेल की समोरचा माणूस आज खरोखर धोक्यात आहे, आणि त्याला दाखल राहू देण्याच्या आदेशावर स्वतः सही करावी लागेल. ती सही जड असेल. या सभागृहात असे काही जण बसलेले आहेत, मी त्यांना ओळखते, नावं घेत नाही. आपल्या जिल्ह्याच्या मंडळावर कोण आहे, त्यांची मुदत केव्हा संपते, हे राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाला पत्र लिहून विचारा, आणि जागा रिकामी होत असेल तर अर्ज करा. अर्ज लिहायला मदत लागली, तर व्याख्यानानंतर मी इथेच बसून आहे.